शेंदराखालचं पान

पनवेलच्या आसपासच्या डोंगरांत जीवाश्म शोधणं म्हणजे टकल्याच्या घरात कंगवा शोधणं. हे वाक्य माझं नाही, माझ्या मित्राचं. आणि तरीही दर रविवारी सकाळी माझ्या दारात स्कूटरचा हॉर्न वाजवून, मला अर्धवट चहावरून उठवून त्या डोंगरांवर नेणारा हाच माणूस. तो शाळेत भूगोल शिकवायचा. माझं बाजारात चष्म्याचं दुकान. आम्ही चौथीपासून एका बाकावरचे, त्यामुळे एकमेकांना मान द्यायची सवय कधी लागलीच नाही. मी त्याला मास्तर म्हणायचो आणि तो मला गाढवा म्हणायचा. लोकांसमोर, बायकांसमोर, माझ्या दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना सुद्धा.

डोंगर लाव्ह्याचे. थरावर थर ओतत गेलेला काळा कातळ, त्यात जे काही जिवंत असेल ते केव्हाच भाजून निघालेलं. पण मास्तरचं म्हणणं असं, की दोन ओतांच्या मध्ये कधी कधी फार मोठी उसंत गेली असणार. तेवढ्या उसंतीत तळी साचली, गाळ बसला, काठाला झाडं उगवली, आणि मग पुन्हा वरून लाव्हा आला. तो मधला गाळ कुठेतरी वीतभर जाडीचा दाबून राहिलेला असतो. तो शोधायचा. "नुसता काळा दगड काय बघतोस गाढवा, दोन दगडांच्या मध्ये बघ," असं तो मला कित्येक वर्षं सांगत आला. मी बघायचो. माझ्या दुकानातलं चांगलं भिंग गळ्यात अडकवून, गुडघे फोडून घेत बघायचो. हाती लागायच्या गारगोट्या. घरी बायको म्हणायची, आणा, कुंडीत टाकायला बऱ्या पडतात. डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणतात, आमच्या नशिबी उंदीरही नव्हता.

आमच्यात भांडण एकाच गोष्टीवरून. मी देवभोळा माणूस. वाटेत शेंदूर फासलेला दगड दिसला की माझे पाय आपोआप थांबतात, चपला निघतात, हात जोडले जातात. डोंगरवाटांवर असे दगड पावलोपावली. मास्तर पुढे जाऊन एखाद्या कातळावर बसायचा आणि तिथून टोमणे मारायचा. "काढ बाबा, काढ चपला. काटा मोडला की देवच सुई घेऊन येईल." एकदा म्हणाला, "या दगडाला एवढ्या लोकांनी हात जोडले, पण एकानं तरी तो कसला दगड आहे ते पाहिलं का? शेंदूर लागला की दगडाकडे बघणं संपतं." मला राग यायचा. मी म्हणायचो, तुझ्या गारगोट्यांपेक्षा माझा दगड बरा, निदान मनाला आधार देतो. पुढे खिंडीपर्यंत आम्ही बोलायचो नाही. खिंडीत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडला की पुन्हा बोलायला लागायचो.

पान सापडलं ते अशाच एका अबोल्यात. डोंगराच्या दक्षिणेच्या अंगाला, पायथ्याच्या पाड्यापासून फार वर नाही, एक दरड कोसळून आतला भाग उघडा पडला होता. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये राखेसारखी करडी पट्टी. मी तोंड फुगवून पाणी पीत बसलो होतो. मास्तर त्या पट्टीशी गेला आणि तिथून हललाच नाही. हा माणूस एवढा वेळ एका जागी म्हणजे साप चावला की काय, म्हणून मी उठून गेलो. तो गुडघ्यांवर बसला होता. त्यानं माझ्या गळ्यातलं भिंग दोरीसकट ओढलं, मीही त्याच्याबरोबर खाली वाकलो, आणि मग मला ते दिसलं.

तळहातापेक्षा लहान. तपकिरी. एका बाजूनं किंचित दुमडलेलं, वाळून गळालेलं पान दुमडतं तसं. मधली शीर होती, तिला फुटलेल्या बारीक शिरा होत्या, आणि कडेला एके ठिकाणी अर्धगोल तुकडा नव्हता. मास्तर कुजबुजला, "अळीनं खाल्लंय रे." माणसाचा मागमूस नव्हता तेव्हा एक अळी त्या पानावर बसून चरत होती, आणि तिचं खाणं अर्धवट राहिलं होतं. मला एकदम भरून आलं. का ते आजही सांगता येणार नाही.

मी हातोडी आणि छिन्नी काढली. मास्तरनं माझा हात धरला. म्हणाला, नको. मी म्हटलं, अरे घरी नेऊ, काचेत ठेवू, शाळेत दाखव. तो नकोच म्हणाला. एक घाव तिरका बसला तर भुगा होईल. आणि तसंही आपण कोण ते उचलणारे, ते आहे तिथंच असू दे. त्यानं फोटो काढला आणि पुण्यातल्या एका जाणकारांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, की फोटोवरून सांगणं कठीण, मँगनीजचे डागही दगडात झाडापानांसारखे पसरतात आणि हौशी लोक फसतात, नमुना पाठवा. नमुना पाठवायचा म्हणजे फोडायचा. मास्तर चिडला. "डागाला अळी लागते का?" असं त्यानं मला विचारलं, जसं काही ते उत्तर मीच लिहिलं होतं. त्यानं नमुना पाठवला नाही. त्यामुळे ते पान होतं की डाग, हे कागदोपत्री कधी ठरलं नाही. आमच्यापुरतं ते ठरलेलं होतं.

त्यानंतर दर पावसाळा संपला की आम्ही त्याला बघायला जायचो. पायथ्याशी ताडगोळे विकणाऱ्या मावशीच्या अंगणात स्कूटर लावायची, तिच्याकडून पाणी घ्यायचं आणि वर चढायचं. पाऊस त्या पट्टीला थोडं थोडं खात होता, पण पानाच्या वर कातळाची पडवी होती, त्यामुळे ते टिकून होतं. मास्तर बोटानं त्यावरची धूळ झटकायचा, आणि म्हणायचा, आहे. बस, एवढंच. आम्ही उतरायला लागायचो.

मास्तरचं बिनसायला लागलं ते मला आधी कळलं नाही, कारण विसरण्यावरून त्याला चिडवायची माझी जुनी सवय. वाटेवर त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, ते दे. काय? ते रे, ठोकायचं. मी हसलो आणि म्हटलं, मास्तर, म्हातारा झालास. तो नाही हसला. मग एकदा उतरताना, ज्या वाटेवर तो डोळे मिटून चालला असता, तिथं तो थांबला आणि मला पुढे हो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे आणि तो मागे. खाली पोहोचेपर्यंत मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. त्यावर औषध आहे आणि नाहीही, असंच काहीतरी. वहिनींनी जुनं घर सोडून करंजाडेला मुलीच्या इमारतीत फ्लॅट घेतला, म्हणजे हाताशी माणूस राहील. मी संध्याकाळी दुकानावर पुतण्याला बसवून तिकडे जायचो. मास्तर गॅलरीत बसलेला असायचा. माझं नाव गेलं होतं. पण मला बघितलं की म्हणायचा, "काय रे गाढवा." मग मी खूश. नाव काय, ते आधार कार्डावर असतं. गाढवा म्हणणारा एकच होता, आणि तो म्हणत होता तोवर मी आहे असं मला वाटायचं. घरी येताना मात्र रडू यायचं. आणि खरं सांगायचं तर रागही यायचा, त्याचाच. चौथीपासूनचं सगळं आम्ही दोघांनी मिळून लक्षात ठेवलेलं. आता त्याचा अर्धा भार त्यानं न विचारता माझ्यावर टाकला होता.

एका संध्याकाळी वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाल्या, "भावोजी, हे सारखे विचारतात, पान आहे ना? पान आहे ना? मी आधी समजले जेवायचंय. म्हटलं, हो, पान मांडलंय, चला. तर ताट ढकलून दिलं. मग वाटलं विडा हवा असेल. खाली जाऊन विड्याचं पान आणलं, तर ते चुरगाळून टाकलं. मग शाळेची आठवण येत असेल म्हणून वही दिली. तिची पानं फाडली. मला काही समजेना हो." आणि मग त्या ओट्याला टेकून हळू आवाजात म्हणाल्या, "काल मला 'अहो बाई' म्हणाले. अहो बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

वहिनी त्याला अहो म्हणत आल्या आणि तो त्यांना अगं म्हणत आला. सगळा संसार त्या दोन शब्दांवर उभा होता. त्या ज्या आवाजात ते सांगत होत्या तो मला ऐकवेना.

मी त्यांना सांगितलं, तो कोणतं पान म्हणतोय ते मला ठाऊक आहे. त्यांनी माझा हात धरला. कधी धरत नाहीत. "दाखवा त्यांना. नाहीतर आणा. ते बघून थोडं जरी परत आले... एकदा मला ओळखलं तरी पुरे." मी हो म्हटलं. मास्तरला न विचारता, त्याच्या मनाविरुद्ध, मी ते फोडून आणणार होतो. पावसाळ्यात वाट बंद, त्याआधीचं सारं वर्ष त्याच्या आजारपणात गेलेलं, त्यामुळे बऱ्याच काळात मी त्या बाजूला फिरकलो नव्हतो. दसऱ्यानंतरच्या रविवारी छिन्नी, हातोडी, आणि गुंडाळायला बायकोचं जुनं लुगडं घेऊन निघालो. स्कूटरवर मागची सीट रिकामी.

वळणावरून डोंगर दिसतो. त्या दिवशी तो दिसला नाही. मला वाटलं मीच वळण चुकलो. पुढे गेलो, तर रस्ता होता तोच, फक्त डंपरांनी उखडलेला, आणि दोन्ही बाजूंच्या झाडांवर पांढरी धूळ. डोंगराची दक्षिणेची अख्खी बाजू नव्हती. वरपासून खालपर्यंत कापून नेली होती, पायऱ्या पायऱ्यांनी, आणि उरलेल्या भिंतीत सुरुंगाची भोकं दिसत होती. भरावासाठी, असं कोणीतरी सांगितलं. खाडीकडे जिथं आधी भात आणि मिठागरं होती, तिथं हा डोंगर पसरून टाकला होता. आमचं पान ज्या पट्टीत होतं ती पट्टी हवेत कुठेतरी असणार. दुरून डोंगर साजरे म्हणतात. दुरूनही साजरं काही उरलं नव्हतं. मी स्कूटर स्टँडवर लावली आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो. वहिनींना काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मावशी तिथंच होती. ताडगोळ्यांच्या जागी आता डंपरवाल्यांसाठी चहा. मला बघून म्हणाली, "मना वाटला तुमी दोगं पन मेलाव."

मी म्हटलं, मेलो नाही, मास्तर आजारी आहे. आणि वरचा दगड बघायला आलो होतो, पण आता काय बघणार.

"कंचा दगड? तुमचा देव?" तिनं हातातल्या फडक्यानं रस्त्यापलीकडे दाखवलं. "त्यो काय. हाय की."

पलीकडे पत्र्याची एक घुमटी होती, नवी. झेंडा, घंटा, समोर फुटलेल्या नारळांच्या करवंट्यांचा ढीग. आत कमरेएवढा एक शेंदरी दगड. तेलानं चकाकणारा.

"माझा देव?"

"तुमच्या मास्तराचा. त्योच आलता ना." मावशी चहाचं भांडं खाली ठेवून सांगू लागली. मशिनी यायच्या आधीची गोष्ट. मोजणीवाले येऊन दगडांवर चुन्याच्या खुणा करून गेले होते. "एक दिस मास्तर एकलाच आला, रिक्षानी. पिशवीत शेंदूर, त्याल. मी म्हटला तुमचा जोडीदार कुठं? तर सरल वरची वाट धरली. वाट चुकला, मी वरपर्यंत सोरला त्याला. मंग त्यानी दगडाला शेंदूर फासला, सगल्या बाजूनी, मदी एवढी जागा सोरून." तिनं तळहात दाखवला. "मना सांगतो, मावशे, यो आता देव हाय. मशीन आली तर सांग, नारल फोरल्याशिवाय हात लावाचा नाय. आन् मना सप्पत घातली, माज्या दोस्ताला सांगू नको, त्यो हसंल."

मी तिच्या बाकड्यावर बसलो.

पुढचं तिनं सांगितलं ते असं. मशीन आली. पोकलेनवाला परमुलखातला, शेंदूर बघून त्यानं मशीन बंद केली. बाकी सगळा उतार कापला गेला, तो एक दगड तसाच राहिला. शेवटी ठेकेदारानंच नारळ फोडला, बकरा कापला, आणि दगड मुळापासून सोडवून क्रेननं खाली आणून बसवला. तेव्हापासून डंपरवाले त्याला मानतात. दर शनिवारी तेल, दर अमावस्येला शेंदूर. एकाही गाडीला अपघात नाही, मावशी म्हणाली.

मी घुमटीशी गेलो. मधली जागा शोधली. मधली जागा उरलीच नव्हती. मास्तरनं सोडलेली तळहाताएवढी मोकळी जागा भाविकांनी भरून टाकली होती. देवाचं अंग अर्धवट कोण ठेवील? शेंदराचा थर बोटभर जाड झाला होता, वर चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. मी अंगठ्यानं चाचपून पाहिलं. मधली शीर लागते का, अळीनं खाल्लेली कड लागते का. हाताला फक्त तेल लागलं. पिशवीत छिन्नी होती. खरवडून काढता आलं असतं, निदान प्रयत्न करता आला असता. पण जन्मभर ज्या दगडांपुढे चपला काढल्या, त्यातल्या एकावर छिन्नी चालवायला माझा हात उठला नाही. आणि उठला असता तरी मागे मावशी उभी होती, चहा पिणारे डंपरवाले उभे होते. मी बोटं लुगड्याला पुसली आणि परत आलो.

वहिनींना मी सगळं सांगितलं. पान दिसत नाही हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तरी नेऊ या. त्यांनी स्वतःच्या हातानं केलंय ना? हाताला तरी आठवेल." मला त्यात काही अर्थ वाटत नव्हता, पण नाही म्हणवलं नाही. आणि आतून मलाही वाटत होतं, की तो दगड बघितला की हा माणूस एकदम भडकेल, मला शिव्या देईल, म्हणेल, गाढवा, दगडाकडे बघणं संपवलंत सगळ्यांनी मिळून. त्या शिव्या ऐकायला मी आतुर झालो होतो.

पुढच्या रविवारी मुलीच्या गाडीतून निघालो. मास्तरला वहिनींनी त्याचा डोंगरावरचा जुना शर्ट घातला होता. वाटेत दोनदा त्यानं विचारलं, "पान आहे ना?" मी म्हटलं, आहे. तिथंच चाललोय. तो खिडकीतून बघत राहिला. वळणावर डोंगर नव्हता, त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

गाडी चहाच्या टपरीजवळ थांबवली. मावशी पदर सावरत पुढे आली. मी त्याला दंडाला धरून रस्ता ओलांडून नेलं. वहिनी मागे. ऊन चढलं होतं, पायाखाली बारीक खडी. घुमटीसमोर आम्ही उभे राहिलो आणि मी बोट दाखवून म्हटलं, "मास्तर, बघ. हा तोच दगड. इथं, या डोळ्यांच्या खाली, पान आहे. तू झाकलंस. तू वाचवलंस. अळीनं खाल्लेलं, आठवतं? बघ ना."

तो बघत होता. चांगला वेळ बघत होता. वहिनी एक पाऊल पुढे आल्या. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. आजारपणात मी त्याला असा शांत कधी पाहिला नव्हता. त्यानं माझ्या हातातून दंड सोडवून घेतला, वाकला, एक चप्पल काढली, मग दुसरी, दोन्ही नीट बाजूला ठेवल्या. हात जोडले आणि डोळे मिटले. ओठ हलत होते.

मी तसाच उभा. मला त्या दगडात पान दिसत होतं, देव दिसत नव्हता. म्हणून असेल, माझे पाय त्या दिवशी आपोआप थांबले होते पण चपला निघाल्या नव्हत्या.

त्यानं डोळे उघडले. शेजारी बघितलं, माझ्या पायांकडे, मग माझ्या तोंडाकडे. अनोळखी माणसाला सांगावं तसं, अगदी मऊपणानं, तो मला म्हणाला,

"अहो, चपला काढा. देव आहे."

मी काढल्या.